अस्तराची चड्डी

ज्याच्या हाताला एक विद्या पूर्णपणे वश झाली आहे, अशा मनुष्याने उतारवयात दुसऱ्या विद्येच्या दाराशी विद्यार्थी होऊन उभे राहणे, हे मोठ्या धैर्याचे कृत्य होय. आणि त्या दाराशी चार लोकांदेखत पोहण्याच्या चड्डीवर उभे राहणे, हे त्याहूनही मोठे. शास्त्रांनी विनयाची स्तुती केली आहे ती उगीच नव्हे. परंतु विनय अंगात मुरण्यापूर्वी अभिमान माणसाला किती काळ तरंगत ठेवतो, हेही शास्त्रांनी सांगून ठेवायला हवे होते. मास्तरांच्या बाबतीत तर ते अक्षरशः घडले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. चौकातल्या त्यांच्या दुकानात एक शिलाई यंत्र, एक कापणीचे मेज, एक उभा आरसा आणि दर्शनी भागी एक पितळी दांडी होती. शिवून, इस्त्री होऊन आपापल्या धन्याची वाट पाहणारे कपडे त्या दांडीवर टांगलेले असत, आणि देव्हाऱ्यातल्या समईइतकीच ती दांडी रोज घासली जात असे. आयुष्यभर यंत्रावर वाकून मास्तरांची पाठ बाही जोडायच्या मुंढ्याच्या कापासारखी गोल झाली होती. एक दिवस ती पाठ सरळ होईचना. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, गोळ्या किती खाणार? पोहायला जा. पाण्यात पाठ मोकळी होते."

मास्तर आजवर बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरले नव्हते. ही वार्ता त्यांनी घरी जेवताना सांगितली, आणि नेमके त्याच दिवशी पानावर त्यांचे मेहुणे होते. मेहुण्यांचे तयार कपड्यांचे मोठे दुकान असल्यामुळे सारे जण त्यांना शेठ म्हणत. सख्खी बहीण तेवढी दादा म्हणे. शेठांच्या घशात घास अडकला.

"भावोजी आणि पोहणं!" पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले. "अहो, सुई पाण्यात टाकली की काय होतं, माहीत आहे ना?"

"तळाशी जाते," मास्तर शांतपणे म्हणाले, "आणि ज्याचा पाय पडेल त्याला टोचते."

"तसं नाही हो. मी रोज पहाटे चाळीस फेऱ्या मारतो. चाळीस! मला विचारा पाणी काय चीज आहे ते. तुम्ही एक फेरी मारून दाखवा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मध्ये कशालाही हात न लावता."

"दाखवली तर?"

"तर तयार कपड्यांचा विषय मी जन्मात काढणार नाही. पण नाही जमलं, तर तुमच्या त्या पितळी दांडीवर माझे तयार शर्ट टांगायचे."

"दादा, उगाच त्यांना चढवू नकोस," मास्तरांच्या पत्नी वाढता वाढता म्हणाल्या.

"चढवतोय कुठे? उतरवतोय. पाण्यात."

हा तयार कपड्यांचा विषय शेठ वर्षानुवर्षे काढत आले होते. जागा मोक्याची आहे, माप घेत बसण्याचे दिवस गेले, चार शर्ट टांगून तर बघा, असे ते सांगत, आणि मास्तर दर वेळी मान न उचलता यंत्राचे चाक जरा जोरात फिरवत. त्या दांडीवर मापावाचून शिवलेला कपडा टांगणे म्हणजे त्यांच्या लेखी गाभाऱ्यात चपला ठेवण्यासारखे होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"लागली पैज," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी शेठांनी मोठ्या मनाने आपल्या दुकानातली एक पोहण्याची चड्डी पाठवून दिली. मास्तरांनी ती उजेडात धरली, दोन्ही हातांनी ताणली, सोडली आणि ती सटकन मिटल्यावर चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर छापले होते, 'सर्वांना होईल.'

"सर्वांना होते ती कुणालाच होत नाही," असा निकाल देऊन मास्तरांनी ती यंत्राचे तेल पुसायला ठेवून घेतली आणि स्वतःची चड्डी स्वतः शिवायला घेतली.

कापड त्यांनी निवडले ते घट्ट विणीचे, जाड सुती. शिलाई दुहेरी. पाणी आत शिरू नये म्हणून मांड्यांवर आवळ पट्ट्या आणि कमरेला भक्कम नाडी. आणि अस्तर! अस्तरावाचून कपडा म्हणजे बुडावाचून भांडे, हे त्यांच्या गुरूंचे वचन होते, आणि गुरुवचनाला पाण्यात सवलत असते असे कुठे सांगितलेले नाही. सवयीने त्यांनी घड्याळाचा एक छोटा खिसाही लावून टाकला.

"चड्डी शिवताय की गादीचा अभ्रा?" पत्नीने दारातून विचारले.

"बघशील. वर्षानुवर्षे टिकेल."

"टिकेल हो. तुम्ही टिकलात म्हणजे झालं."

तलावावर दुपारी शिकवणाऱ्या एक कोचबाई होत्या. गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू आणि बोलणे मोजके. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे म्हणून मास्तरांनी ती वेळ धरली, शेठ पहाटेचे. त्यामुळे एकमेकांचे पोहणे दोघांपैकी कोणीच पाहिलेले नव्हते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरायची होती.

पहिल्या दिवशी मास्तर उथळ पाण्याच्या पायरीवर बसून थरथरत राहिले आणि तसेच घरी आले. दुसऱ्या दिवशी कोचबाईंनी त्यांना पोटावर आडवे केले आणि म्हणाल्या, "अंग सैल सोडा, मास्तर. पाणी धरेल." मास्तरांनी डोळे मिटून कुलदैवताचे स्मरण केले आणि अंग सैल सोडले. आता घट्ट विणीचे कापड भिजले, की त्यातून वारा बाहेर पडत नाही. अस्तर आणि कापड यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेला वर आवळलेली नाडी आणि खाली आवळलेल्या पट्ट्या. जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, हा सृष्टीचा नियम आहे. त्या क्षणी मास्तरांचा मध्यभाग सृष्टीहून हलका झाला. पाण्यावर एक सुरेख टेकडी उगवली, आणि टेकडीच्या पायथ्याशी मास्तर परमानंदात हात मारू लागले.

"अगं, पाणी मला उचलून धरतं!" घरी येऊन त्यांनी पत्नीला सांगितले. "काही जणांना उपजतच असतं, असं ऐकून होतो. आज कळलं."

"कोचबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. नुसत्या बघत राहिल्या."

विद्या प्राप्त झाली की ती वाटावीशी वाटते. मास्तर गिऱ्हाइकाच्या छातीचे माप घेताना श्वासावर बोलू लागले, बाही मोजताना हाताचा वल्ह्यासारखा उपयोग करून दाखवू लागले. एका गृहस्थांना तर त्यांनी कापणीच्या मेजावर पालथे निजवून पाय मारायला लावले. त्यांच्या विजारीचे माप मात्र राहून गेले. आणि अखेर एका दुपारी मास्तरांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अख्खी फेरी मारली. भिंतीला हात लागला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पाण्यात असल्यामुळे ते कोणाला कळले नाही.

त्याच संध्याकाळी शेठांकडे निरोप गेला: रविवारी दुपारी या. निरोप गिऱ्हाइकांच्या कानांवरून गेला असल्यामुळे रविवारी तलावाच्या काठी शेठ एकटे नव्हते. चष्मेवाला होता, औषधाच्या दुकानातले होते, अर्धवट शिवलेल्या कोटाचे मालक होते, मेजावर पालथे निजलेले ते गृहस्थ तर बायकोला घेऊन आले होते. मास्तरांच्या पत्नी पर्स मांडीवर घट्ट धरून बाकावर बसल्या. शेठ परीटघडीच्या कपड्यांत, खांद्यावर कोरा टॉवेल टाकून काठावर उभे राहिले.

"पाण्यात नाही उतरणार?" औषधवाल्यांनी त्यांना विचारले.

"मी सकाळी चाळीस मारून आलोय," शेठ म्हणाले.

मास्तरांनी कोट काढला, घडी करून पत्नीच्या हाती दिला, आणि ते पाण्यात उतरले. टेकडी उगवली. काठावरून टाळ्या पडल्या. मास्तर संथपणे, एखाद्या जुन्या घराण्याच्या होडीसारखे, निघाले. शेठ काठाने त्यांच्याबरोबर चालत होते. पहिल्या काही पावलांत त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होते, मग चिंता, मग ते खाली वाकून टक लावून पाहू लागले.

"थांबा!" ते ओरडले. "शिट्टी मारा, बाई! अहो, हे भावोजी नाही पोहत. ह्यांची चड्डी पोहतेय!"

शिट्टी वाजली. मास्तर काठाला धरून थांबले. शेठांनी खाली वाकून दोन बोटांनी ती टेकडी दाबली. सगळ्यांना स्पष्ट ऐकू जाईल असा एक दीर्घ, खिन्न ध्वनी झाला, आणि मास्तरांभोवती बुडबुडे वर आले. कोटाच्या मालकांनी हसू लपवण्यासाठी खोकून पाहिले. पण खोकला आणि हसू एकदम आल्याने त्यांची स्थिती अधिकच बिकट झाली.

मास्तर पायरीवर येऊन बसले. एकच विचार त्यांच्या मनात घुमत होता. ती फेरी, डोळे भरून आणणारी ती फेरी, आपण मारलीच नव्हती. अस्तराने मारली होती.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला दिसत होतं?"

"तरंगलात त्याच दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी तुम्ही इथे बसून थरथरत होतात, मास्तर. तिसऱ्या दिवशी गुणगुणत आलात. गुणगुणणाऱ्या माणसाचे हात चांगले शिकतात. म्हटलं, हवा काय, काढू कधीतरी."

"चला, झालं," शेठ टॉवेल झटकत म्हणाले. "उद्या दांडी रिकामी करा, भावोजी. नाहीतर हे घ्या, मी बरोबर आणलीच आहे." आणि त्यांनी पिशवीतून एक नवी कोरी तयार चड्डी बाहेर काढली. "ही घालून पोहून दाखवा. सर्वांना होते."

मास्तर उठले. अंगावरून पाणी निथळत होते, नाडी लोंबत होती, पाठ अजूनही गोलच होती; तरीही त्या घटकेला ते उंच दिसले.

"ती घालून तरलो, तरी बुडाल्यासारखाच," ते म्हणाले, आणि पत्नीकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "कात्री."

शिंप्याचा संसार केलेल्या बाईच्या पर्समध्ये कात्री नसेल तर काय असेल? मास्तर कात्री घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेले. ज्या हाताने जन्मात स्वतःचा पक्का टाका उसवला नव्हता, त्या हाताने त्यांनी आतली शिलाई कापली, मांड्यांच्या पट्ट्या सैल केल्या, आणि थोड्या वेळाने ते अस्तर हातात घेऊन बाहेर आले. ते ओले अस्तर त्यांनी पत्नीच्या हाती दिले.

"मास्तर, आज नको," कोचबाई म्हणाल्या. "थोडे दिवस उथळ बाजूला सराव करू. तुमचे हात तयार आहेत, पाय नाहीत."

"गिऱ्हाईक दारात उभं आहे, बाई. ट्रायल द्यावी लागते."

मास्तर भिंतीला पाय लावून सुटले. जे पाणी आजवर त्यांना तळहातावर झेलत होते, त्याने या वेळी ओळखच दाखवली नाही. पाय शिसे बांधल्यासारखे खाली गेले. पहिला घोट नाकातून गेला, दुसरा तोंडातून. पण हात? हात चालत होते. टेकडीच्या पायथ्याशी एवढे दिवस जे काही ते करीत आले होते, ते हातांच्या लक्षात होते. एक हात, श्वास, दुसरा हात, पाणी, पुन्हा श्वास. वेग गोगलगायीचा, आवाज म्हशीचा, आणि तरीही भिंत तसूतसूने जवळ येत होती.

"पाय मारा, भावोजी! पाय!" शेठ काठावरून धावत होते. "हात लांब! तो नाही, दुसरा!"

खोल पाणी आले. मास्तरांचे डोके एकदा खाली गेले, वर आले, पुन्हा गेले.

"दादा!" पत्नी बाकावरून उठून ओरडल्या. "उतर ना पाण्यात! नुसता काय ओरडतोस?"

"मी... मी वरून लक्ष ठेवतोय!" शेठ म्हणाले, आणि काठापासून एक पाऊल मागे सरले.

कोचबाईंनी बांबू पुढे केला. मास्तरांनी तोंड वर काढले. "बाजूला घ्या तो बांबू!" ते गरजले, शेवटचे दोन शब्द बुडबुड्यांतून आले, पण आशय पोहोचला. बांबू मागे गेला. आणखी चार हात. आणखी तीन. भिंत एका खाटेएवढी दूर राहिली, आणि तेवढ्यात छातीतला वारा संपला. मास्तरांचा हात आपोआप बाजूच्या दोरीवर पडला.

"लागला! हात लागला!" शेठ ओरडले. पण ओरडण्यात नेहमीची मजा नव्हती, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

मास्तर दोरीला धरून श्वास घेत राहिले. काठावर कोणी हसले नाही. मग त्यांनी दोरी सोडली, उरलेले पाणी कापले, आणि भिंतीवर अशी थाप मारली की जणू ती भिंतच त्यांचे देणे लागत होती.

"दोरीनंतरचं मोजायचं नाही हं," शेठ म्हणाले.

"नका मोजू." मास्तर वर आले, धापा टाकत, नाक पुसत. "पैज हरलो. उद्या या शर्ट घेऊन, दांडी पुसून ठेवतो. पण मी पोहलो नाही असं इथल्या एकानेही म्हणायचं नाही. विचारा यांना." त्यांनी कोटाच्या मालकांकडे बोट केले. "पहिल्या ट्रायलला तुमचा कोट कसा बसला होता?"

"खांद्यात ओढत होता," कोटाचे मालक म्हणाले, "आणि पाठीत फुगत होता."

"मग फेकून दिलात का? कुणाचाच कोट पहिल्या ट्रायलला बसत नाही. खडूने खूण करायची, उसवायचं, पुन्हा घालायचं." असे म्हणून त्यांनी पत्नीच्या हातातल्या कोटाच्या खिशातून कापड आखायचा खडू काढला, आणि दोरीवर हात पडला त्या जागेसमोर, ओल्या काठावर, एक ठसठशीत रेघ ओढली. "हे आजचं माप."

"काठावर लिहायला बंदी आहे," कोचबाई म्हणाल्या, आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ मोठी पिशवी घेऊन दुकानात आले. दांडी चकचकीत पुसलेली होती, निम्मी रिकामी केलेली होती. शेठांनी पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही. चहा आला, संपला. रस्त्यावर कोणी नाही असे पाहून ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"भावोजी, त्या चड्डीसारखी अजून एक शिवाल का? अस्तराची."

"दुकानात टांगायला? मापाशिवाय मी शिवत नाही."

"टांगायला नाही." शेठांनी रिकामा कप बशीत दोनदा फिरवला. "माप माझंच घ्या."

मास्तरांचे यंत्र थांबले. "तुम्ही तर चाळीस फेऱ्या—"

"मारतो. खोटं नाही सांगत. पण आडव्या. उथळ बाजूला. कुठेही उभं राहिलं की पाणी कमरेएवढं." त्यांनी कप बाजूला सारला. "काल तुमचं डोकं पाण्याखाली गेलं, बहीण हाका मारत होती, आणि माझे पाय जागचे हलले नाहीत. चाळीस फेऱ्यांचे पाय, भावोजी!"

हसण्याचा अधिकार त्या क्षणी मास्तरांचा होता. सुईपासून टेकडीपर्यंतचा सगळा हिशेब चुकता करता आला असता, आणि जिभेवर एक फार सुंदर वाक्य आलेही होते. त्यांनी ते गिळले. आदल्या दिवशी इतके पाणी गिळले होते, त्यात हे एक वाक्य ते काय? गळ्यातली फीत उतरवून ते उठले.

"हात वर करा. आणि पोट आत ओढू नका, शेठ. पाण्यात पोट ओढून चालत नाही."

"माझ्या बहिणीला नाही ना सांगणार?"

"गिऱ्हाइकाचं माप शिंपी कुणाला सांगत नाही." मास्तरांनी कमरेभोवती फीत आवळली. "अस्तर लावतो, पण कच्च्या दोऱ्याने. रोज तुम्ही पाण्यात उतरायच्या आधी मी एक टाका उसवीन."

"सगळे टाके उसवले की?"

"तेव्हा तुम्हाला कळणारही नाही."

शेठ निघू लागले तेव्हा पिशवी तशीच होती. "राहू द्या हो ते शर्ट," ते म्हणाले.

"राहू कसे देऊ? पैज ती पैज. हरल्याची मला लाज नाही. शब्द फिरवला तर वाटेल." मास्तरांनी स्वतःच्या हातांनी शर्ट दांडीवर टांगले, मागे सरून ते पाहिले, आणि खडू काढून पहिल्याच शर्टाच्या बाहीवर रेघ ओढली. "ही लांब आहे. कमी करतो."

आता दुपारच्या वेळी त्या तलावात एक टेकडी खोल पाण्याकडे हळूहळू सरकत असते, आणि दिवसेंदिवस ती सखल होत चालली आहे. तिच्या शेजारून गोल पाठीचे एक गृहस्थ म्हशीसारखा आवाज करीत जातात. काठावरची खडूची रेघ रोज पाण्याने पुसते, रोज नव्याने पडते. एकदा ती थेट भिंतीवर पडली. त्या दिवशी मास्तरांनी घरी येऊन पत्नीला दोनदा सांगितले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दोन हात मागे आली, आणि त्यांनी ती तितक्याच ठसठशीतपणे ओढली.

पाणी त्या दोघांना सांभाळून घेवो. ज्यांचे अस्तर अजून निघायचे आहे, त्यांना एकेक टाका उसवणारा हळुवार हात लाभो; आणि ज्यांची रेघ भिंतीच्या अलीकडे राहिली आहे, त्यांच्या खिशातला खडू कधीही न संपो.